पाचव्या बोअरचं पाणी

म्हैसूरला आठवडाभर राहून मी राजवाडा फक्त बाहेरून पाहिला, तोही रिक्षा सिग्नलला थांबली म्हणून. चंदनाचा साबण, रेशमी साडी, मैसूरपाक यांतलं काहीही आणलं नाही. आणला तो लिंबाएवढा एक जांभळा दगड. तो आता माझ्या टेबलावर आहे आणि येणारा प्रत्येक जण त्याच्याबद्दल विचारतो. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

माझी नागपुरात लहानशी प्रयोगशाळा आहे. दगडाचा कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यात कोणती खनिजं आहेत ते सांगायचं, हा माझा व्यवसाय. पुण्याची एक छोटी कंपनी म्हैसूर आणि टी. नरसीपूरच्या मधल्या कोरडवाहू पट्ट्यात फ्लोराइट आणि बेरिलियम शोधत होती. फ्लोराइट पोलादाच्या भट्टीत लागतं आणि रसायनांच्या कारखान्यातही. आपल्याकडे ते बहुतेक बाहेरून येतं. बेरिलियम हा हलका, कडक धातू उपग्रहांपासून अणुभट्ट्यांपर्यंत सगळीकडे लागतो. त्याची खनिजं सरकारनेच शोधायची असा पूर्वी नियम होता. तो सैल झाल्यावर अशा छोट्या कंपन्या पुढे आल्या. या कंपनीने पाच ठिकाणी जमिनीत बोअर घेतले होते. चार कोरडे गेले, म्हणजे खनिजाच्या दृष्टीने. पाचव्यात काहीतरी लागलं असं त्यांच्या भूवैज्ञानिकाचं म्हणणं होतं. ते खरं की त्याचा उत्साह, हे ठरवायला मला बोलावलं होतं.

मंडी मोहल्ला

भूवैज्ञानिकाचं नाव शंकरोजी राव. सरकारी नोकरीतून निवृत्त, म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात घर, उंच, वाळलेले, डोक्यावर कायम कापडी टोपी. पूर्वज राजाच्या घोडदळात शिपाई म्हणून महाराष्ट्रातून आले आणि इथेच राहिले. घरी मराठी बोलतात, पण ती ऐकायला कान बसवावा लागतो.

"या की मॅडम. सुम्ने उभ्या का राहिलात? हॉटेलातलं खाणं बेड. घरी जेवायचं, आयतु?"

सुम्ने म्हणजे उगाच, बेड म्हणजे नको, आयतु म्हणजे झालं, ठरलं. पहिल्या दिवशी मी शब्दागणिक अडखळत होते, तिसऱ्या दिवशी स्वतःच नागपूरला फोनवर "आयतु" म्हणाले आणि माझ्या सहायिकेने "काय?" विचारलं.

त्यांच्या पत्नी शारदाबाई मला अक्का म्हणत. स्वयंपाकघरातून त्यांचं बोलणं थांबत नसे. मुलगा बेंगळुरूला असतो, त्याला मराठी कळतं पण तो उत्तर कन्नडात देतो, ही त्यांची मुख्य तक्रार. मी विचारलं, घोडदळातल्या पूर्वजांची तलवार वगैरे काही आहे का?

"होती म्हणे. ह्यांच्या आजोबांनी मोडीत काढून पितळेचा हंडा घेतला," शारदाबाई म्हणाल्या. "बरं केलं, अल्वा? तलवारीत पाणी राहतं का?"

जेवायला नाचणीचा मुद्दे होता. मुठीएवढा गरम गोळा, बाजूला पालेभाजीचं झणझणीत सार. आमच्याकडे भाकरी चावतात, म्हणून मी चावू लागले. तो दातांना, टाळूला, सगळीकडे चिकटला.

"अक्का, चावायचं नसतं! तोडायचं, सारात बुडवायचं, गिळायचं."

"न चावता?"

"दात कशाला झिजवायचे? असू देत, म्हातारपणी लागतात."

यावर शंकरोजी राव ताटात मुद्दे अर्धा टाकून उठले. दातांचा विषय त्यांना का टोचला ते मला दोन दिवसांनी कळलं.

कडकोळ

नंजनगूडच्या रस्त्यावर कडकोळला कारखान्यांची वसाहत आहे. तिथे कंपनीने पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. बोअर घेताना हिऱ्याच्या कडेचं पोकळ पातं फिरत खाली जातं आणि आतला दगड दंडगोल होऊन वर येतो. हे दांडे खोलीच्या क्रमाने लांब पेट्यांत रचून ठेवतात. पाच बोअरच्या पेट्या शेडमध्ये भिंतीला लागून होत्या. चार ओळी करड्या. पाचवीत मध्येच जांभळा पट्टा, जणू कोणी जांभळाचा रस सांडला आहे.

"बघा," शंकरोजी राव म्हणाले आणि बाजूला झाले. त्यांचे हात पाठीमागे होते, पण बोटं एकमेकांत गुंतत होती.

जांभळा रंग बघून भुलायचं नसतं. तो फ्लोराइटचा, आणि फ्लोराइट दिसायला कायमच पुढे पुढे करतं. बेरिलियमचं खनिज साध्या पांढुरक्या गारेसारखं दिसतं, डोळ्याला कळत नाही. मी दांड्याचे तुकडे पाण्याच्या धारेखाली कापून घेतले. कोरडे कापायचे नाहीत. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर आयुष्यभराचं दुखणं. करवत चालवणाऱ्याला मुखपट्टी घालायला लावली. तो कंटाळून म्हणाला, "मॅडम, पाणी उडतंय की, धूळ कुठून?" मी म्हटलं, पाणी वाळल्यावर गाळाची धूळच होते, घाल. घातली.

मग कापलेल्या चकत्यांवर एक रंगद्रव्य लावलं, खिडक्यांना गोणपाट टांगलं आणि अतिनील दिवा लावला. फ्लोराइट निळसर उजळलं. त्याच्या कडेकडेने, जिथे दगड अगदी सामान्य दिसत होता, तिथे पिवळट हिरवे ठिपके चमकले. तेच बेरिलियमचं खनिज. थोडं नव्हे, चांगलं होतं.

"आहे," मी म्हटलं.

शंकरोजी रावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. "नक्की?"

"काप काढून, मोजून पक्कं सांगेन. पण आहे."

हे इथे का झालं, ते त्यांनी मला शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. चामुंडीची टेकडी ज्या ग्रॅनाइटची आहे, त्याच जातीच्या तरुण ग्रॅनाइटचा एक छोटा फाटा त्या पट्ट्यात जमिनीखाली आहे. तो थंड होताना त्यातून गरम पाणी निघालं. त्या पाण्यात फ्लोरिन होतं आणि फ्लोरिनच्या आधाराने बेरिलियम. एकट्याने ते पाण्यात टिकत नाही. वाटेत चुन्याचा अंश असलेला जुना खडक आडवा आला. फ्लोरिनने चुना धरला आणि त्याचं फ्लोराइट झालं. आधार गेल्यावर बेरिलियमही तिथेच बसलं. पश्चिमेला काळ्या दगडाची एक उभी भिंत जमिनीखालून जाते, ती या सगळ्याची हद्द. भिंतीपलीकडे नुसता जुना खडक. तिथला दोन नंबरचा बोअर पूर्ण कोरा निघाला होता.

चांगलं स्पष्टीकरण होतं. मी खडूची रेघ ओलांडून दोन नंबरच्या पेट्या बघायला गेले. खरोखर कोऱ्या. इतका निष्कलंक करडा दगड मी क्वचित पाहिला आहे.

"पाच नंबरचा बोअर सिमेंटने बुजवला का?" मी विचारलं. काम संपल्यावर बोअर तळापासून सिमेंटने भरायचा, ही या धंद्यातली साधी शिस्त.

"उद्या साइटवर जाऊ," ते म्हणाले. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

वस्ती

वस्तीचं नाव देत नाही. खनिजाची बातमी लागली की जमिनीभोवती माणसं घिरट्या घालू लागतात. पन्नासेक घरं, बाभळी, हुलग्याची शेतं, मागे काळ्या दगडांचा उंचवटा. गाडी थांबली तशी बायका जमल्या. पुढे पुट्टम्मा. साठीची, ठेंगणी, कानात जाड कुड्या, आवाज असा की बोअर पाडणाऱ्या रिगचं इंजिन सुरू असतानाही ऐकू जावा. पाच नंबरचा बोअर तिच्या शेतात आहे.

बोअर बघून मी चालायची थांबले. नळीला हळदकुंकू, झेंडूची माळ, शेजारी फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. नळीभोवती नवी हिरवी साडी गुंडाळली होती. तोंडाशी पाणी काठोकाठ होतं आणि एका बाजूने बारीक धार ओघळत होती.

"गंगापूजा," शंकरोजी राव जमिनीकडे बघत म्हणाले. "पाचव्यात खनिजाची शीर लागली तेव्हा पाणी आपोआप वर आलं. आख्खं गाव धावलं."

पुट्टम्माने चकचकीत पेला त्या धारेखाली धरला, भरला आणि माझ्यासमोर केला. "कुडीरी, अम्मा. सिही नीरु." प्या, गोड पाणी आहे.

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी पेला घेतला नाही.

एक पेला प्यायल्याने मला काही झालं नसतं. पण हे पाणी थेट फ्लोराइटच्या शिरेतून येत होतं. फ्लोराइटमधून आलेल्या पाण्यात फ्लोराईड उतरतं. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. आमच्या चंद्रपूर, यवतमाळकडे अशी गावं मी पाहिली आहेत. पुण्याच्या कंपनीने पाठवलेली बाई सगळ्यांदेखत हे पाणी प्यायली, याचा अर्थ इथे एकच झाला असता.

"आत्ता नको," मी म्हटलं.

शंकरोजी रावांनी भाषांतर केलं, त्यात साखर घातली असावी. उपयोग झाला नाही. पुट्टम्माने पेला तसाच धरून ठेवला, मग पाणी मातीत ओतलं आणि माझ्याकडे न बघता काहीतरी म्हणाली. बायका हसल्या.

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या."

"सांगा."

"म्हणे, बाटलीतलं पाणी पिऊन पिऊन हिचा घसा नाजूक झालाय."

तिची मुलगी सावित्री मागे उभी होती. पंचविशीची, नंजनगूडला कपड्यांच्या कारखान्यात जाते. तीही हसली, पण हसताना पदर तोंडावर नेला. वस्तीतले विशीपंचविशीतले सगळेच तसे हसत होते, हात किंवा पदर तोंडावर ठेवून. वस्तीचा जुना हातपंप उंचवट्याच्या पायथ्याशी आहे आणि उन्हाळ्यात तोही आटतो.

"तुम्ही इथे आलात ते या दातांवरून," परतताना गाडीत मी म्हटलं.

"हो," शंकरोजी राव म्हणाले. "पंपाचं पाणी तपासलं, फ्लोराईड निघालं, अंद्रे खाली फ्लोराइट असणार. तसंच शोधतात, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मीही दुसरं काही केलं नसतं.

टी. नरसीपूर

दुपारी टी. नरसीपूरला जेवलो. इथे कावेरी आणि कबिनी एकमेकींना मिळतात. संगमाच्या पायऱ्यांवर यात्रेकरू डुबक्या मारत होते, एका कुटुंबाचं पोर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हतं. दोन नद्यांचं पाणी इथून वाहून जातं आणि थोड्याच अंतरावर ती वस्ती आहे. नळयोजनेचे खांब गावाजवळ येऊन थांबलेत, असं कळलं. नळाला खांब कशाला, असं विचारलं तर म्हणे खांब टाकीचे, टाकी यायची आहे.

शंकरोजी रावांनी नंजनगूडची छोटी केळी घेतली. ती फार गोड असतात आणि पटकन संपतात. चौथं केळं सोलताना त्यांनी विषय काढला.

"रिग शेतातून न्यायला परवानगी लागते, मॅडम. आमच्याकडे रिग म्हणजे पाणी. दुसरं कशासाठी कोणी जमिनीला भोक पाडतं, हे कोणाच्या डोक्यात बसतच नाही. पुट्टम्मा म्हणाली, पाणी आलं तर आमचं. मी म्हटलं, तुमचं. नारळावर हात ठेवून म्हटलं."

"पाणी लागणार नाही असं वाटलं होतं?"

"मला वाटलं होतं, लागलं तर चांगलंच लागेल. शिरेत आणि पाण्यात एकदमच हात जाईल हे स्वल्पही डोक्यात नव्हतं." ते केळ्याची साल नीट घडी करत होते. "आणि पूजेला मी होतो. जांभळा दगड वर आला होता, मी खुशीत होतो. हळद मीही टाकली. शुक्रवारी त्यावर पंप बसवायचं त्यांनी ठरवलंय."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"तोंड कुठून आणू?"

पुण्याहून संचालकांचा फोन आला. त्यांना माझा निष्कर्ष हवा होता. सांगितला. ते खूश झाले आणि म्हणाले, पाचवा बोअर बुजवू नका, लोखंडी टोपण ठोकून कुलूप लावा. पुढे त्यात उपकरणं सोडून मोजमापं घ्यायची आहेत. फोन स्पीकरवर होता. शंकरोजी रावांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुलूप चैत्रापर्यंत टिकेल," ते हळू म्हणाले. "पंप आटला की पहारीने काढतील."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण बोअर बुजवला तर त्यांची एकमेव खरी शीर त्यांना पुन्हा आतून बघता येणार नव्हती, आणि न बुजवला तर ती वस्तीच्या घशात जाणार होती. मी संचालकांना म्हटलं की बुजवा, असं मी अहवालात लिहिणार आहे. जबाबदारी माझ्या नावावर घाला. ते थोडं कुरकुरले. शेवटी म्हणाले, लेखी द्या. देईन म्हटलं.

"आता गावाला सांगायचं राहिलं," शंकरोजी राव म्हणाले.

"आणि पाणी द्यायचं. तुमच्या दोन नंबरच्या बोअरात पाणी आहे का?"

त्यांनी केळ्याची साल खाली ठेवली. दोन नंबर काळ्या भिंतीपलीकडे. अशी भिंत जमिनीखाली बांधासारखी असते, एका बाजूचं पाणी दुसरीकडे जाऊ देत नाही. आणि तिथला दगड मी स्वतः पाहिला होता: करडा, कोरा, त्यात काही नाही. भूजलाची पातळी मोजायला त्यावर टोपण लावून ठेवलं होतं.

"आहे. वर येत नाही, पण आहे. कोणी विचारलंच नाही त्याला," ते म्हणाले. मग चेहरा उतरला. "पण ते महादेवय्याच्या शेतात, मॅडम."

महादेवय्या पुट्टम्माचा दीर. बांधावरून दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद.

वस्तीवर परत जाऊन, दोन्ही बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आम्ही शहरातल्या प्रयोगशाळेत दिलं. जंतू, क्षार, धातू, सगळं तपासा म्हणून सांगितलं.

हळद

दुसऱ्या दिवशी वस्तीत देवळाच्या कट्ट्यावर तीन काचेच्या नळ्या मांडल्या. पहिलीत हातपंपाचं पाणी, दुसरीत बोअर पाचचं, तिसरीत बोअर दोनचं. पद्धत सोपी आहे: लालसर द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी राहिलं तर चांगलं, पिवळं पडलं तर फ्लोराईड. शंकरोजी रावांनी कन्नडात समजावलं. बोलताना ते सारखे टोपी सरळ करत होते.

हातपंपाचं पाणी पिवळसर झालं. पाच नंबरचं थेंब पडताच पिवळंधमक. दोन नंबरचं गुलाबी राहिलं.

मग पुट्टम्मा खो खो हसली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे वळून बोलली.

शंकरोजी रावांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "म्हणते, पिवळं होणारच. ताटभर हळद आम्हीच टाकली त्यात. आणि मुठीने रावांनी टाकली."

सगळी वस्ती हसली. एक म्हातारा म्हणाला, दोन नंबरमध्ये कोणीतरी कुंकू टाकलं असेल. मग तर हसू आवरेना.

थेंब टाकण्याआधी पाणी स्वच्छ होतं, हे मी सांगू शकले असते. पण आक्षेप रास्त होता. बाहेरचं काही पडलेला नमुना माझ्या प्रयोगशाळेत कोणी आणला असता तर मी तो परत पाठवला असता. म्हणून मी म्हटलं, "बरोबर बोलतेय ती. बोअर उपसा. हळद जाऊ दे, मग परत बघू."

रिगवाल्यांचा पंप लावला. पाणी हुलग्याच्या शेतात सोडलं. सकाळ जाऊन दुपार झाली तरी पंप चालू. आधी नळीत अडकलेली फुलं आली, हळदीचा गाळ आला, मग निव्वळ पाणी. पुट्टम्मा नळीपाशी उकिडवी बसून ते बोटांनी चोळून बघत होती. शेवटी तिनेच हात वर केला.

मी द्रावणाची बाटली सावित्रीच्या हातात दिली. तिला हिंदी येत होतं. "तू टाक. माझा हात नको."

तिने मोजून थेंब टाकले. पिवळं.

तिने नळी उजेडात धरली. मग पदर खाली पडू दिला, आईकडे तोंड केलं आणि ओठ मागे ओढून दात दाखवले. तपकिरी पट्टे स्पष्ट दिसले. दोन शब्द बोलली.

मी शंकरोजी रावांना विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "पुढच्यांचे पण? असं विचारते."

पुट्टम्मा उठली. गुडघे झाडले. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ शंकरोजी रावांसमोर जाऊन उभी राहिली. तिचं म्हणणं मला भाषांतराशिवाय कळलं, कारण तिने नुसता हात नारळ धरल्यासारखा केला आणि पुढे धरला.

"शब्द आहे, अम्मा," ते म्हणाले. आधी मराठीत, मग भानावर येऊन कन्नडात. "पाणी आलं तर तुमचं म्हणालो होतो. दोन नंबरही मीच घेतलाय. तिथेही आलंय."

"तो त्याच्या शेतात आहे," ती म्हणाली. 'त्याच्या' असं. नाव घेतलं नाही.

महादेवय्या गर्दीच्या कडेला विडी ओढत होता. त्याने धूर सोडून हवेत सांगितलं, की बोअर त्याच्या शेतात, पाणी सगळ्यांचं, त्याची ना नाही. फक्त बांधावरून यायला वाट लागेल, आणि ज्याला वाट हवी त्याने ती मागावी. त्याचं तोंड होतं पिंपळाकडे.

पुट्टम्मा मागणार नाही, हे लहान पोरालाही दिसत होतं.

शुक्रवार

प्रयोगशाळेचा निकाल आदल्या संध्याकाळी आला होता. पाच नंबर पिण्यास अयोग्य. दोन नंबर पिण्यायोग्य. मी कागद दोनदा वाचला आणि मगच निघाले.

आधी पाच नंबर. सिमेंट कालवून तयार होतं. पुट्टम्माने सगळ्यांना थांबवलं. गंगा बोलावून आणली, तशीच कशी गाडायची? तिने साडी सोडली, नीट घडी घातली, उरलेली माळ काढली, नळीतलं पाणी तांब्यात घेऊन शेताच्या चारी कोपऱ्यांत शिंपडलं. कापूर लावला. मग बाजूला झाली. पहिली बादली शंकरोजी रावांनी स्वतः ओतली. शेवटपर्यंत ते नळीच्या तोंडाकडे बघत होते. त्या छिद्राच्या तळाशी त्यांच्या सगळ्या नोकरीत सापडलेली सर्वांत चांगली गोष्ट होती. सिमेंट वर आलं तेव्हा म्हणाले, "आयतु."

मग दोन नंबर. मिरवणूक महादेवय्याच्या बांधापाशी आली आणि थांबली. बांधाच्या मधोमध, पाय पसरून, महादेवय्या बसला होता. शेजारी त्याची म्हैस. पुट्टम्मा पुढे, डोक्यावर घागर, हातात ती हिरवी साडी. मागे सगळी वस्ती.

पुट्टम्माने म्हशीकडे पाहिलं. अगदी आदराने तिच्याशी बोलली.

"काय?" मी कुजबुजले.

शंकरोजी राव हसू दाबत होते. "म्हशीला सांगतेय. तुझ्या मालकाला म्हणावं, पाय आवरून बस. गंगा यायची आहे. तुला तरी अक्कल आहे, तू बाजूला झालीस."

म्हैस बाजूला झाली नव्हती. पण महादेवय्याने विडी टाकली आणि पाय जवळ घेतले. मग उठून आपणच पलीकडच्या काठाचं काटेरी झुडूप ओढून वाट मोकळी केली. तेही म्हशीला शिव्या देत.

पंपाने पाणी वर आलं. पाच नंबरसारखं आपोआप नाही आणि तितकं जोरातही नाही. बोअर अरुंद आहे. बोअरवेलवाल्यांकडून रुंद करून घ्यावा लागेल, हे मी कंपनीला लिहून दिलं आहे. नळीला तीच हिरवी साडी गुंडाळली. हळद टाकायला शंकरोजी रावांनी मूठ उचलली, तेव्हा सावित्री हिंदीत ओरडली, "अंदर नहीं, बाहर!" आणि हसली. हात तोंडाकडे गेला, पण अर्ध्या वाटेवरून खाली आला.

पुट्टम्माने तोच चकचकीत पेला भरला. बायका वाट सोडून उभ्या राहिल्या. ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि पेला पुढे केला.

मी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"हेगिदे?" कसं आहे?

"सिही," मी म्हटलं. तेवढं कन्नड मला येत होतं.

तिने पेला परत घेतला, उलटा करून झटकला, रिकामा आहे याची खात्री केली आणि दुसरा भरून शंकरोजी रावांना दिला.

गोड होतं का, असं आता कोणी विचारलं तर सांगते, पाण्याला काही चव नव्हती. पाच नंबरच्या पाण्यालाही नसावी. फ्लोराईड जिभेला कळत नाही. मी गाडीत बसले आणि अहवाल संपवायला कडकोळला गेले. तिथे शंकरोजी रावांनी पाचव्या बोअरच्या पेटीतला लिंबाएवढा जांभळा तुकडा माझ्या हातात ठेवला. बोअर पाचपुढे फ्लोराइट आणि बेरिलियम खनिजाची नोंद केली, बोअर बुजवल्याचं लिहिलं. बोअर दोनपुढे आमच्या धंद्यात एकच शब्द लिहायचा असतो, तो लिहिला: निष्फळ.